पथ्याच्या नावानं चांगभलं

सहा महिने झाले तरी थकवा जात नाही, असं चारचौघांत नुसतं बोलून बघावं. 'नेमकं काय होतंय?' असं कुणी विचारत नाही. सगळ्यांची बोटं थेट ताटाकडे वळतात. पोळी बंद करा. दूध बंद करा. साखर तर विषच. चहा सोडा, बटाटा सोडा, रात्रीचं जेवण सोडा. ही वजाबाकी संपली की बेरीज सुरू होते: मॅग्नेशियम, झिंक, बी-कॉम्प्लेक्स, डी-थ्री, ओमेगा-थ्री, अश्वगंधा, कोएन्झाइम क्यू-टेन आणि आतड्यातल्या जिवाणूंची काळजी म्हणून प्रोबायोटिक. जेवायच्या टेबलावर वाट्या कमी आणि डब्या जास्त दिसू लागल्या, की रुग्ण मार्गाला लागला असं समजलं जातं. यामागचा सिद्धांत वरकरणी मोठा सुबक आहे. चुकीच्या खाण्यानं आतड्याला सूज येते, आतडं 'गळकं' होतं, नको ते रक्तात उतरतं आणि माणूस गळून जातो. जमिनीत कस उरला नाही, म्हणून अन्नात सत्त्व उरलं नाही, म्हणून गोळ्या. डॉक्टर 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' म्हणतात, कारण त्यांना आहार कळतच नाही. आणि एवढं सगळं सांगून झालं की शेवटी येतं ते हुकमी वाक्य: करून बघायला काय हरकत आहे? नुकसान तर काही नाही ना!

हरकत आहे, आणि नुकसानही आहे. ज्या गोष्टीचं कारण शोधायला हवं, तिचं आधीच उत्तर देऊन टाकणं हेच पहिलं नुकसान. आपल्या भाषेला जे कळलं ते या आहारतक्त्यांना कळलेलं नाही. दिवसभर राबून येतो तो शीण. तापातून उठल्यावर राहतो तो अशक्तपणा. जिना चढताना लागते ती धाप. कशातच मन लागत नाही ती मरगळ. रात्रभर झोपूनही दुपारी डोळे मिटतात ती पेंग. यातली धाप ऐकली की हिमोग्लोबिन आणि हृदय तपासायचं असतं. पेंग ऐकली की घोरण्याबद्दल आणि झोपेत श्वास अडकण्याबद्दल विचारायचं असतं. वजन उतरतंय आणि संध्याकाळी कणकण येते असं कुणी म्हटलं, तर आपल्या देशात क्षयाचा विचार आधी करायचा असतो. थंडी सोसत नाही, शौचाला साफ होत नाही, केस गळतात, असं असेल तर थायरॉइड. तहान आणि लघवी वाढली असेल तर रक्तातली साखर. मरगळ महिनोन्महिने सरत नसेल तर नैराश्य. इतक्या वेगवेगळ्या दारांना एकच किल्ली लावणारा माणूस कुलपांचा जाणकार कसा म्हणायचा?

यावर लगेच उत्तर येतं की कमतरता तर सगळ्यांनाच आहे, मग गोळ्या देण्यात चूक काय? कमतरता आहे हे खरंच, आणि तिचे आकडे कुणीही दडवलेले नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा ५७ टक्के. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होतं. पण या आकड्यांचा अर्थ काय? त्यांचा अर्थ असा की मोजा, आणि जे कमी निघेल ते भरून काढा. फ्रान्समध्ये १९८ स्त्रियांवर झालेला एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. या स्त्रियांना रक्तक्षय नव्हता, पण थकवा होता आणि शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, ५० च्या खाली होतं. १२ आठवडे लोह दिल्यावर त्यांचा थकवा जवळजवळ ४८ टक्क्यांनी उतरला. नुसती दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचा २९ टक्क्यांनी. पूरक गोळीच्या बाजूनं देता येईल असा हा चांगला पुरावा आहे, आणि तो काय सांगतो? आधी साठा मोजला, तो कमी असलेल्यांनाच निवडलं, एकच गोष्ट दिली, ठरावीक मुदतीसाठी दिली. आठ डब्यांच्या रांगेशी या शिस्तीचं काय नातं?

उलट न मोजता घेतलेली गोळी पुष्कळदा आजार झाकते. पन्नाशीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन उतरलं, तर पोटात कुठे रक्तस्राव होतोय का, हा प्रश्न पहिला. तिथे व्रण असू शकतो, कर्करोगही असू शकतो. लोहाची गोळी घेऊन तो आकडा वर आणला, तर धोक्याची घंटाच काढून ठेवल्यासारखं होतं. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड भरपूर घेतलं, तर रक्ताचा अहवाल सुधारतो आणि मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं. केसांसाठी म्हणून घेतलेलं बायोटिन तर तपासणीच बिघडवतं. थायरॉइडच्या काही चाचण्या त्याच्यामुळे चुकतात, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ मध्येच तसा इशारा दिला होता. म्हणजे थकव्याचं कारण शोधायला रक्त द्यावं, आणि थकव्यावरच्या गोळीनं त्या रक्ताला खोटं बोलायला लावावं. 'नुकसान तर काही नाही' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कुठे मांडला आहे?

आता सगळ्या तपासण्या झाल्यावरही उरतो, त्या थकव्याकडे येऊ. पथ्यवाद्यांचा खरा भरवसा याच मुलखावर असतो, कारण इथे वैद्यकाकडे अजून खात्रीचा उपाय नाही. अशा थकव्यातल्या एका आजाराला १९८८ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' असं नाव दिलं. आज त्याला एमई-सीएफएस म्हणतात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं त्याची लक्षणं नव्यानं मांडली. सहा महिन्यांहून अधिक टिकणारा, जगण्याची चौकटच आक्रसून टाकणारा थकवा. झोपूनही न येणारी हुशारी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे श्रमानंतरची घसरण. यांच्या जोडीला बुद्धीवर मळभ तरी येतं, नाहीतर उभं राहिल्यावर त्रास तरी वाढतो. ही घसरण नीट समजून घ्यायला हवी. केस धुतले, बँकेत जाऊन आलं, तासभर पाहुण्यांशी बोललं, एवढ्यानं दुसऱ्या दिवशी माणूस अंथरुणाला खिळतो, आणि तसा दिवसचे दिवस पडून राहतो. याला आळस म्हणत नाहीत, आणि 'खाण्यापिण्याची हेळसांड' म्हणून तो निकालातही काढता येत नाही. चपाती सोडून हा आजार आटोक्यात येतो असं म्हणणाऱ्यानं चपातीचा आणि या घसरणीचा संबंध दाखवायला नको का?

तसा संबंध शोधला गेला नाही असंही नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत विल्यम क्रूक या डॉक्टरांच्या पुस्तकानं एक कल्पना लोकप्रिय केली: अंगात कँडिडा नावाची बुरशी माजते, तिच्यामुळे थकव्यासह नाना लक्षणं येतात, म्हणून साखर आणि यीस्ट सोडा. आजच्या काही 'डिटॉक्स' तक्त्यांतही हेच सांगितलं जातं. १९९० मध्ये ४२ स्त्रियांवरचा प्रयोग न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. बुरशी मारणारं औषध दिलं, पण थकव्यासारख्या सर्वांगाच्या तक्रारींवर त्याचा प्रभाव औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त पडला नाही. २००८ मध्ये इंग्लंडमध्ये सीएफएसच्या ५२ रुग्णांना दोन गटांत विभागलं. एकाला साखर-यीस्ट वर्ज्य असलेलं पथ्य, दुसऱ्याला साधा चौरस आहार. २४ आठवड्यांनी थकव्यात उल्लेखनीय फरक नव्हता, आणि कडक पथ्य पाळणं पुष्कळांना जमलंही नाही. गोळ्यांचंही तेच. नेदरलँड्समध्ये २००२ साली ५३ रुग्णांना दहा आठवडे जीवनसत्त्वं आणि क्षारांचं भरगच्च मिश्रण दिलं; थकवा होता तिथेच राहिला. हे प्रयोग लहान आहेत, असं कुणी म्हणेल. म्हणावं. पण मग मोठे प्रयोग करून आपलं म्हणणं सिद्ध करण्याची जबाबदारी कुणाची? महिन्याला हजारो रुपयांच्या डब्या विकणाऱ्यांची, की त्या विकत न घेणाऱ्यांची? ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२१ मध्ये या आजाराची मार्गदर्शक सूचना नव्यानं काढली. जीवनसत्त्वं आणि क्षार हा या आजारावरचा इलाज म्हणून सरसकट घ्यावा इतका पुरावा नाही, असं तिच्यात स्वच्छ म्हटलं आहे. आणि ज्यांचा आहार फार आखडला आहे, त्यांना आहारतज्ज्ञाकडे पाठवा, असंही. म्हणजे पथ्यवादी ज्याला उपाय म्हणतात, ते तिथे काळजीचं कारण मानलं गेलं आहे.

गव्हाची गोष्ट स्वतंत्रपणे पाहण्यासारखी आहे. गव्हातल्या ग्लूटेननं ज्यांचं आतडं खरोखर खराब होतं असे सीलिॲकचे रुग्ण आपल्याकडे आहेत, विशेषतः उत्तरेत, आणि थकवा हे त्या आजाराचं एक लक्षण आहेच. पण त्याची रक्तचाचणी भरवशाची ठरायला माणूस गहू खात असावा लागतो. निदान सहा आठवडे, रोज. आधी गहू सोडून मग तपासायला गेलं तर चाचणी कोरी येऊ शकते. ज्याला आजार आहे त्याला तो कधी कळत नाही, आणि नाही त्याला तो असल्याचा भास होतो. ग्लूटेन सोसत नाही असं स्वतःच ठरवलेल्या ५९ जणांवर नॉर्वेत झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्रास ग्लूटेननं झालाच नाही. झाला तो फ्रुक्टान या शर्करेनं. फ्रुक्टान कांद्या-लसणातही असतं. पोळीला सुळावर दिलं आणि कांदा भजी मोकळी सुटली, असा हा न्याय. महाराष्ट्रात तर यातली गंमत दुप्पट आहे. ज्या ज्वारी-बाजरी-नाचणीवर इथली खेडी पिढ्यान्पिढ्या जगली, तीच आता 'ग्लूटेन-फ्री' अशी चिठ्ठी लावून चकचकीत पिशवीत चढ्या भावानं विकली जाते. भाकरी खावी, जरूर खावी. पण ती औषध म्हणून विकत घेणाऱ्यानं एवढं तरी विचारावं की भाकरी खाणाऱ्या खेड्यात थकलेली बाई नव्हती का?

आणखी एक सोंग म्हणजे 'फूड इन्टॉलरन्स'ची चाचणी. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, शंभर-दोनशे पदार्थांची लाल-पिवळी-हिरवी यादी हातात द्यायची. ही चाचणी आयजीजी प्रतिद्रव्यं मोजते. ती अंगात असणं याचा अर्थ एवढाच की तो पदार्थ तुम्ही खाल्लेला आहे. युरोप आणि कॅनडातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही चाचणी वापरू नका असं लिहून ठेवलंय. तरी माणूस दही, डाळ, अंडं, शेंगदाणे अशी लाल यादी घेऊन घरी येतो आणि रोज जे खात होता नेमकं तेच सोडतो. शाकाहारी घरात दूध-दही सुटलं की बी-१२ चा उरलासुरला नैसर्गिक मार्गही बंद. डाळ सुटली की प्रथिनं गेली. मग ती भरून काढायला भुकटीचा डबा. आधी भिंत पाडायची आणि मग टेकू विकायचा, याला व्यापार म्हणतात. उपचार हा शब्द त्याला कशाला लावायचा?

अन्न कमी केल्यानं माणसाचं काय होतं, हे काही गुपित राहिलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनं, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शानं उतरलं. ते थकले, चिडचिडे झाले, त्यांना थंडी सोसेना, कशात लक्ष लागेना, आणि मनात दिवसरात्र अन्नाचेच विचार. ही यादी आणि 'क्लीन ईटिंग'वर सहा महिने काढलेल्या माणसाच्या तक्रारी शेजारी ठेवून बघाव्यात. थकलेल्या माणसाला थकवणारं औषध देऊन, 'अजून फरक पडत नाही म्हणजे पथ्य अजून कडक हवं', असं सांगणारी ही पद्धत आहे.

'पण गोळ्या तर नैसर्गिक आहेत' हा पुढचा मोर्चा. गुळवेल नैसर्गिकच होती. करोनाच्या पहिल्या वर्षात प्रतिकारशक्तीसाठी ती घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत. बी-६ हे साधं जीवनसत्त्व. पण जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो, हे १९८३ पासून माहीत आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये त्याची रोजची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. तीन वेगळ्या डब्यांत तेच बी-६ तीनदा आलंय का, हे कितीजण वाचतात? ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक अशी ठरावीक काळापुरती देतात. ती रोज घेतली, किंवा वर्षानुवर्षं न मोजता घेतली, तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडं दुखावतात, आणि त्याचं एक ठळक लक्षण कोणतं? थकवा. डबी हातात घेऊन तिच्यावरचा बारीक मजकूर एकदा वाचावा. समोर मोठ्या अक्षरांत ऊर्जा, चैतन्य, स्फूर्ती. आणि मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत, कायद्यानं लिहावंच लागतं म्हणून, 'औषधी वापरासाठी नाही'. डबी स्वतःच कबुली देतेय. तिच्या भक्तांनाच ती ऐकायची नाही.

आता सर्वांत भावनिक आक्षेप: 'पण मला फरक पडला ना!' फरक पडला असेल. खोटं कुणी बोलत नाही. प्रश्न असा की तो कशानं पडला. एमई-सीएफएस हा आजार चढउतारांचा आहे. माणूस उपाय शोधतो तो अगदी तळाला गेल्यावर, आणि तळानंतर पुष्कळदा चढच असतो. वर सांगितलेल्या फ्रेंच प्रयोगात औषध नसलेल्या गोळीनंही थकवा २९ टक्के उतरला होता, हे विसरू नये. शिवाय पथ्य सुरू करणारा माणूस रात्रीची पार्टी सोडतो, वेळेवर झोपतो, दारू कमी करतो, कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय याचा दिलासा त्याला मिळतो. श्रेय मात्र गहू सोडल्याला. आणि या पंथाची खरी चलाखी पुढेच आहे. बरं वाटलं तर पथ्याचा गुण. बिघडलं तर 'विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे'. काहीच झालं नाही तर तुम्ही लग्नात जिलबी खाल्लीत. छापा पडला तर ते जिंकले, काटा पडला तर तुम्ही हरलात. जो दावा कोणत्याच परिणामानं खोटा ठरू शकत नाही, त्याला ज्ञान म्हणायचं कशाच्या बळावर?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: डॉक्टरांनी ऐकून घेतलं नाही, म्हणून लोक इकडे वळले. हे मान्य करावंच लागतं. कितीतरी वर्षं एमई-सीएफएसच्या रुग्णांना 'मनाचे खेळ आहेत' म्हणून परत पाठवलं गेलं. हळूहळू व्यायाम वाढवत न्या, असा सल्ला दिला गेला. २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या पेस या ब्रिटिश चाचणीनं त्या सल्ल्याला बळ दिलं. रुग्णांनी आणि शास्त्रज्ञांनी त्या चाचणीच्या पद्धतीवर सडकून टीका केली, आणि २०२१ च्या सूचनेत नाइसनं तो वाढत्या व्यायामाचा कार्यक्रम देऊ नये असं म्हटलं. पण यातून काय शिकायचं? वैद्यक चुकलं, ते पुरावा पुन्हा तपासल्यावर उघडं पडलं, आणि सल्ला बदलला. आहारपंथाचा एखादा तक्ता असा जाहीरपणे मागे घेतल्याचं कुणी ऐकलंय? एकानं दुर्लक्ष केलं म्हणून दुसऱ्यानं फसवावं, हा रुग्णाचा हक्क कधीपासून झाला? आणि हातात काहीच नाही असंही नाही. आपली शक्ती किती हे ओळखून तेवढ्यातच दिवस बसवणं, दमण्याच्या आधी थांबणं, बऱ्या दिवशी उसनं अवसान आणून कामांचा फडशा न पाडणं, याला वैद्यकात नाव आहे. मराठीत अंथरूण पाहून पाय पसरणं म्हटलं की पुरतं. झोप, वेदना, उभं राहिल्यावर येणारी चक्कर यांवर वेगळे उपचार करता येतात. यात विकण्यासारखं फारसं काही नाही, म्हणून याच्या जाहिराती दिसत नाहीत.

तिसरा आक्षेप परंपरेचा: पथ्य तर आपल्या आजीच्या काळापासून चालत आलंय. बरोबर, आणि म्हणूनच हा शब्द असा लुबाडला जाताना राग येतो. जुन्या घरात पथ्य यायचं ते दुखण्याच्या मागोमाग. कावीळ झाली, बाळंतपण झालं, ताप उतरला, की त्या माणसाला, त्या दुखण्यापुरतं, तेवढे दिवस. भूक लागली की मऊ भात, मग वरण, मग हळूहळू सगळं ताट. म्हणजे पथ्याला कारण होतं, मुदत होती, आणि शेवटही होता. आजच्या पथ्याला दुखण्याचं नाव नाही, मुदत नाही, आणि ते संपलं तर गिऱ्हाईक संपेल म्हणून शेवटही नाही. त्याला परंपरेचं सोवळं नेसवू नये.

या सगळ्यात मार खातं कोण, तेही बघायला हवं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची बिनपगारी घरकामात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं, ते करणाऱ्या पुरुषांची ९७. पाच तास घर, त्यावर नोकरी, दर महिन्याच्या पाळीत जाणारं रक्त, सगळ्यांची पानं उठल्यावर उरेल ते स्वतःच्या ताटात. अशी बाई थकले म्हणते, आणि तिला काय सांगितलं जातं? तुझं खाणं चुकतंय. पाळी किती दिवस असते, कुणी विचारत नाही. हिमोग्लोबिन किती, झोप किती तास, घरात हात लावायला कोण आहे, कुणी विचारत नाही. वर तिच्यावर नवं काम: घरच्यांसाठी पोळ्या, स्वतःसाठी वेगळं बिनग्लूटेनचं, आणि चुकून साखरेचा घोटभर चहा घेतला तर अपराधी वाटून घेणं. आजाराचं रूपांतर अपराधात करणं, ही या पंथाची सर्वांत मोठी करामत आहे. अपराध्याला तपासावं लागत नाही. त्याला फक्त शिक्षा सांगितली की झालं.

म्हणून 'करून बघायला काय हरकत आहे' याचं उत्तर एकदाचं नीट द्यावं. सीलिॲक ठरला असेल तर गहू सोडा, आणि जन्मभर सोडा. लोह कमी निघालं तर लोह घ्या, आणि ते कुठे जातंय तेही शोधा. बी-१२ कमी असेल तर गोळी नाहीतर इंजेक्शन घ्या आणि आकडा पुन्हा मोजा. ज्या थकव्याला नाव मिळालं आहे त्याचा त्या नावानं इलाज करा. ज्याला मिळालेलं नाही, त्या माणसाला निदान पोटभर जेवू द्या आणि विसावू द्या. थकलेल्या माणसाच्या ताटातून घास काढायचा असेल, तर काढणाऱ्यानं आधी कारण दाखवावं. कारण दाखवता येत नसेल, तर हात मागे घ्यावा.